उताराच्या अंगणासाठी सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअर (स्वतःच्या शक्तीने पुढे सरकणारे गवत कापायचे यंत्र) कोणता घ्यावा?

प्रश्न: न्यू जर्सीत आम्ही नुकतेच घर घेतले असून मागचे अंगण पाव एकराचे आणि बऱ्यापैकी उताराचे आहे. पुढच्या चाकांना गती देणारा मोअर घ्यावा की मागच्या? पेट्रोलचा की बॅटरीचा?

उत्तर १: मागच्या चाकांना गती देणाराच घ्यावा. चढावर वजन मागे सरकते आणि गवताची पिशवी भरू लागली की पुढची चाके हलकी होऊन जागीच घसरतात. सपाट अंगणात मात्र पुढची चाके पुरतात. उतारावर वरखाली न जाता आडवे चालावे आणि गवत ओले असताना मोअर बाहेरच काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर २: पेट्रोलचा घेतल्यास इंधनाकडे लक्ष द्यावे लागेल. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषते, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इंधनाचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बसल्याने वसंतात इंजिन सुरूच होत नाही. म्हणून हंगाम संपताना टाकी रिकामी करावी किंवा स्टॅबिलायझर (इंधन टिकवणारे द्रव्य) घालून इंजिन काही मिनिटे चालवावे. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची (इंधन पेटवायला ठिणगी देणाऱ्या भागाची) वायर न चुकता काढावी, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. मोअर कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू द्यावा, अन्यथा त्यात ऑइल उतरते.

उत्तर ३: एवढ्या अंगणाला मी बॅटरीचाच सुचवेन. ऑइल आणि कार्ब्युरेटरची काळजी उरत नाही. थंडीत बॅटरी तेवढी घरात ठेवावी. पाते मात्र दोन्ही प्रकारांत धारदार हवे, कारण बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते आणि शेंडे तपकिरी पडतात.