बाहुल्यांच्या खेळातून गावच्या कारभारावर बोलायचंय, कसं जमवायचं?

शेवग्याची_शेंग:
मंडळी, ग्रामसभेच्या आदल्या रात्री आमच्या युवक मंडळाला बाहुल्यांचा खेळ करायचाय, वीसेक मिनिटांचा. विषय पाणी योजना, म्हणजे टाकी बांधून झाली, बिलं निघाली, नळाला पाणी नाही, हे अख्ख्या गावाला माहितीये पण सभेत कोणी तोंड उघडत नाही. अर्धे म्हणतात सरपंचांचीच बाहुली करा, उरलेले आत्तापासूनच टरकलेत. आणि नुसतं 'पाणी वाचवा' केलं तर पब्लिक उठून जाणार. काय करावं?

पडद्यामागचा:
सरपंचांची बाहुली अजिबात नको. हुबेहूब नक्कल केली की लोक पोट धरून हसतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चा नाकाची होते, बिलाची नाही. त्यापेक्षा राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज म्हणून खेड्यातल्या लोकांना शिकवणारी संस्था आहे, त्यांचा जोखिम चाचा बघा. म्हातारा आहे, हातमोजा बाहुली, तो समोर बसलेल्यांशी थेट बोलतो, त्यांनाच प्रश्न टाकतो आणि लोक उत्तरं देतात, कारण माणसाला बोललं तर वैर, बाहुलीला बोललं तर गंमत. त्यांनी बाहुल्या केल्यात वर्ल्ड बँकेच्या जुन्या रिपोर्टांच्या लगद्यातून. रद्दीचं याहून सोनं काय होणार!

घुबड७:
+१, पण एकटा म्हातारा वीस मिनिटं खेचणार नाही, जोडी घ्या. झेक लोकांच्या श्पेयबल आणि हुर्विनेक या बाहुल्या, बाप लेक. बाप १९२०चा, लेक १९२६चा, दोघांचे आवाज त्यांना खेळवणारा योसेफ स्कुपा एकटाच काढायचा. बाप ठोंब्या पण तोरा मोठा, पोरगं आगाऊ, विचारतच सुटतं आणि बाप गोंधळत जातो, टीका करायला तिसरा कोणी लागतच नाही. नाझींच्या काळात प्रेक्षक बरोबर दुसरा अर्थ घ्यायचे, १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, स्कुपाला उचललं. तुमच्याकडे फार तर वर्गणी बंद होईल 😄

कुडाळकर:
एवढ्या लांब कशाला जाताय, आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला या. परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात म्युझियम केलंय, चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, दोऱ्यांच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या सगळं बघायला मिळतं, २०२१ ला पद्मश्री मिळाली त्यांना. पण तुम्ही कळसूत्रीच्या नादी लागू नका, दोऱ्यांवर हात बसायला वर्षं जातात. हातमोजाच करा, तर्जनी मानेत, अंगठा आणि मधलं बोट हातांत. जी बाहुली बोलते तीच हलली पाहिजे, दुसरी गप्प उभी, नाहीतर मागच्या रांगेला कळतच नाही कोण बोलतंय. नवखे इथेच मार खातात.

मिरची_ठेचा:
पैसे कोण देतंय ते आधी सांगा. ज्या खात्याचं अनुदान त्या खात्याबद्दल बाहुली मुकी होते, मग उरते ती घोषवाक्यं म्हणणारी चिंधी. असले सरकारी जनजागृतीचे खेळ खूप बघितलेत, शेवटी सगळ्या बाहुल्या हात जोडून योजनेचा लाभ घ्या म्हणतात. पडदा म्हणून कोणाचं तरी धोतर बांधा पण खर्च खिशातून करा.

शेवग्याची_शेंग:
पैसे आमचेच, गणपतीतले उरलेत. बाप लेक फायनल! टाकीजवळच्या बोर्डावर खर्चाचा आकडा लिहिलाय, पोरगं तोच बापाकडून वाचून घेणार, बापाला शून्यं मोजता येत नाहीत, मग पब्लिकने मोजायची. एकच अडचण, दोन्ही हात वर, मग माईक कुठे धरायचा?

पडद्यामागचा:
मंडपवाल्याकडे कॉलर माईक असतो, तो मागा. नसेल तर स्टँड पडद्याच्या आत तोंडाशी बांधा. आणि शून्यं मोजायला लहान पोरांना पुढे बसवा, ती लाजत नाहीत.