हरणाच्या शिकारीला शिशाची गोळी आता बंद करा, काडतुसं घरी भरणाऱ्यांनी तर आधी

माळरान (विस्कॉन्सिन, अमेरिका):
नोव्हेंबरचा शिकारीचा सीझन तोंडावर आलाय, बरेच जण प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, काढून बसले असतील म्हणून आत्ताच लिहितोय. तीन वर्षांपूर्वी आपल्याच हरणाचा खिमा केला होता, धाकटीने दुसऱ्या की तिसऱ्या घासाला तोंडातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं, म्हणाली बाबा खडा आहे. खडा नव्हता. करडा तुकडा, नखाने दाबला तर चर पडली. शिसं. मी स्वतः भरलेल्या .३०८ रायफलच्या गोळीचं, आणि जखमेभोवतालचं वीतभर मांस मी कापून टाकलं होतं तरी. जो दिसला तो सापडला, खिम्यात भुकटी होऊन मिसळलेलं किती पोटात गेलं असेल ते कोण सांगणार?

तेव्हापासून फक्त तांब्याची, टीटीएसएक्स नावाची, १३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप). तीन हरणं पाडली, दोन वेळा गोळी आरपार गेली, तिसरं समोर तोंड करून उभं होतं, छातीत शिरलेली गोळी मागच्या मांडीच्या कातडीखाली सापडली. चार पाकळ्या उमललेल्या, बंदुकीची दारू मोजायच्या काट्यावर ठेवली तर १२८.६ ग्रेन. म्हणजे मांसात जवळपास काही सांडलंच नाही. मुलाबाळांना हे मांस खाऊ घालणाऱ्याने शिसं वापरू नये, माझं मत पक्कं आहे.

सोलापूरकर_टेक्सास:
दादा, मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण दोष गोळीच्या निवडीचा आहे, शिशाचा नाही. पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या कवचाची) साधी गोळी ६०-७० यार्डावर खांद्याच्या हाडावर मारली तर फुटणारच. गोळ्या बनवणाऱ्या जॉन नॉस्लरला १९४६ मधे मूसवर (मोठ्या जातीच्या हरणावर) गोळी फुटण्याचा हाच अनुभव आला आणि त्यातूनच पार्टिशन गोळी आली, मधे भिंत, पुढचा भाग फुलतो मागचा शाबूत राहतो. आता बाँडेड गोळ्या आहेत, त्यात शिसं जॅकेटला चिकटवलेलं असतं, बरंच कमी सांडतं.

आणि तांब्याचा तोटा कोणी बोलत नाही, तिला वेग लागतो. सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास आली की नीट फुलत नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते. मी १६८ ग्रेनची तांब्याची भरली होती, रायफलची नळी १६ इंची, ३०० यार्डावर मारलं. हरीण बसलं, उठलं, पळालं. रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचा माग काढला, थेंब सुद्धा धड पडले नव्हते. सकाळी सापडलं तेव्हा कोयोट्यांनी (इथल्या कोल्ह्यांसारख्या जनावरांनी) अर्धं खाल्लेलं. जनावराला असं मरण देणं मला मान्य नाही, त्या दिवसापासून तांबं बंद.

शमा_एम:
मी कॅलिफोर्नियात आहे, आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कारण काँडोर गिधाडं. १९८२ मधे सगळे मिळून २२ पक्षी उरले होते, आणि ते पकडून, वाढवून पुन्हा रानात सोडल्यावरही शिकाऱ्यांनी रानात टाकलेल्या आतड्यांमधलं शिसं खाऊन मरत राहिले. डेन्मार्कनेही २०२४ मधे रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. आमच्या घरात सहा वर्षं तांबंच आहे, हरणं पडतायत की.

सोलापूरकर_टेक्सास:
काँडोर टेक्सासात नाहीत हो ताई. आणि माणसांचं म्हणाल तर २००८ मधे नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान दिलेला हरणाचा खिमा शिशामुळे फेकायला लावला, मग सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) सातशेवर लोकांचं रक्त तपासलं, शिसं सगळ्यात जास्त निघालं ते डेसिलीटरला ९.८२ मायक्रोग्रॅम, म्हणजे तेव्हाच्या धोक्याच्या १० च्या आतच.

माळरान:
तेव्हाच्या! तीच सीडीसी २०१२ मधे ५ वर आली आणि २०२१ मधे लहान मुलांसाठी ३.५ वर. त्याच तपासणीत शिकारीचं मांस खाणाऱ्यांचं शिसं न खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं होतं, ते पण सांगा ना.

तळकोकण:
मी सिंधुदुर्गातला, आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यामुळे दारू हाताने मापून घालणं काय असतं ते लहानपणापासून बघतोय. आजोबांच्या चुलतभावाने बोलता बोलता दोनदा दारू ठासली, नळी फाटली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. तुमच्याकडे दुकानात तांब्याची तयार काडतुसं मिळत असताना घरी भरायचा अट्टाहास का? शिसं की तांबं हा वाद नंतर, हा धोका मला मोठा वाटतो.

माळरान:
भाऊ, भीती रास्त आहे. तयार डबा घेऊ शकतो, पण २० काडतुसांना पन्नास डॉलरच्या वर मोजावे लागतात म्हणून लोक सरावच करत नाहीत आणि सीझनला तीन गोळ्या झाडून रानात जातात, त्यात जनावरं जखमी होतात. माझी पद्धत सांगतो. टेबलावर दारूचा एकच डबा, बाकी सगळे कपाटात. काडतुसाच्या ५० रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, दारू घालून झाली की टॉर्च मारून एकेकीच्या तोंडात बघायचं, पातळी सारखी दिसली पाहिजे, एक जरी वरखाली वाटली की ओतून परत मापायची. फोन दुसऱ्या खोलीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिशाच्या गोळीचा दारूचा आकडा तांब्याला लावायचा नाही. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत खोल बसते, आतली जागा खाते आणि दाब वाढतो. त्या गोळीच्याच मॅन्युअलमधला सुरुवातीचा आकडा धरायचा.

सोलापूरकर, तुमचं हरीण पण इथेच हुकलं असं मला वाटतं. १६८ ग्रेन १६ इंची नळीतून, निघतानाच वेग कमी. तांब्यात वजन उतरवायचं असतं, जड गोळीचं काम हलकी करते कारण ती वजन सांडत नाही. माझी १३० ची ३०० यार्डाला अजून २२०० च्या वर असते. नळी २२ इंची आहे हे कबूल, तुमची त्याहून थोडी हळू जाईल.

सोलापूरकर_टेक्सास:
वजन उतरवायचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, दुकानदाराने लांब पल्ल्याला जड गोळी म्हणून हातात दिली होती. १३० चा एक डबा मागवतो. पण ३०० यार्डावर दुधाचे कॅन पाण्याने भरून ओळीने लावणार, गोळी फुललेली हातात घेतल्याशिवाय जनावरावर झाडणार नाही. या सीझनला बाँडेडच.

माळरान:
पाणी मांसापेक्षा गोळी जास्त फुलवतं, त्यामुळे ३०० ला मोठ्या पाकळ्या दिसल्या तरी हरणावर आधी २०० च्या आतच वापरा. आणि या वर्षी बाँडेडने मारलंत तर खांद्याचा खिमा पोरांना नका देऊ.

सोलापूरकर_टेक्सास:
नाही देत. खांदे टाकूनच देतो यंदा.