अनुभव धागा : धूम्रपान करणाऱ्या आईवडिलांना व्यसनमुक्ती कार्यक्रमापर्यंत कसे नेले?

‘सोडून द्या’ म्हणण्यापलीकडे बहुतेकांची मजल जात नाही. ज्यांनी कोणाला समुपदेशनापर्यंत नेले, किंवा जे स्वतः पालक म्हणून गेले, त्यांनी नेमके काय घडले ते लिहावे.

बालरुग्ण विभागातील परिचारिका : दम्याच्या झटक्याने किंवा कानाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गामुळे आलेल्या मुलांचे पालक मला रोज भेटतात. ‘हे तुमच्यामुळे झाले’ असा सूर लागला की ते पुढच्या वेळी धूम्रपानच नाकारतात. म्हणून मी आधी विचारते, ‘याविषयी बोलले तर चालेल का?’ ‘आम्ही बाल्कनीत ओढतो’ हे उत्तर ठरलेलेच असते. परंतु धूर दारातून आत येतो आणि त्यातील विषारी अंश कपड्यांवर, केसांवर बसून बाळापर्यंत पोहोचतात, हे समजल्यावर अनेक जण, विशेषतः तान्ह्या बाळांचे वडील, स्वतःच पुढचे विचारतात. मग पत्रक हाती न ठेवता त्यांच्या संमतीने तिथल्या तिथे समुपदेशकाची वेळ ठरवते, कारण घरी नेलेले पत्रक सहसा कोणी उघडत नाही, असे माझे मत झाले आहे.

एक मुलगी : ‘आयुष्यभर ओढली, आता सोडून काय मिळणार?’ हा बाबांचा मुद्दा होता. सोडल्यावर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे डॉक्टरांनी सांगूनही ते बधले नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात मात्र श्वासातील कार्बन मोनॉक्साइड (सिगारेटच्या धुरातला विषारी वायू) मोजणाऱ्या यंत्रात फुंकर मारून आकडा पाहिल्यावर त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला, आणि तो आकडा दोनेक दिवसांतच उतरतो हे कळताच पुढची तारीख त्यांनीच मागून घेतली.

दोन मुलांची आई : सिगारेटची तलफ भागवायला औषध म्हणून मिळणारा निकोटीनचा च्युइंगगम सतत चघळायचा नसतो, चुरचुर जाणवली की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, हे मला समुपदेशनात शिकवले. पहिल्या आठवड्यात चिडचिड सर्वाधिक होते, हे समुपदेशकांनी मुलांनाही आधीच सांगून ठेवल्यामुळे घरातील वातावरण पुष्कळ सुसह्य झाले. औषध आणि समुपदेशन दोन्ही एकत्र घेतल्यास यशाची शक्यता वाढते, म्हणून एकावरच भागवू नये.

एक मुलगा : घर आणि गाडी धूरमुक्त ठेवण्याचे वडिलांनी मान्य केले आहे, परंतु कार्यक्रमाचे नाव काढताच ते उठून जातात. सोडण्याची तयारी नसलेल्या माणसालाही समुपदेशक भेटीला बोलावतात का, हे परिचारिकाताईंनी कृपया सांगावे.