दवाखान्यात रिसेप्शनचं काम शिकायचंय, क्लास लावू का?

कळवेकर_आई: नमस्कार. बी.कॉम. आहे, लग्नानंतर नोकरी सुटली ती सुटलीच. लेक आता पहिलीत गेली. नौपाड्यात हाडांच्या एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला बाई हवी आहे, पण अनुभव विचारतात. एक क्लासवाले सहा महिन्यांचे तीस हजार मागतायत. भरू का?

काउंटरवरून_ठाणे: ताई, पैसे इतक्यात भरू नका. मी बारा वर्षं काउंटरवर आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, पंधरा दिवस बघून शिकते, मग ठरवा. दवाखान्याचं सॉफ्टवेअर चार दिवसांत हाताखाली येतं. वेळ लागतो तो माणसं सांभाळायला.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा. नुसत्या नावावर केसपेपर काढू नका. मी सुरुवातीला एका सुनीता पाटलांचा पेपर दुसऱ्या सुनीता पाटलांच्या नावावर आत पाठवला होता. डॉक्टरांनी 'शुगरची गोळी चालू आहे ना?' विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, मला शुगरच नाही. माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून पूर्ण नाव, वय आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारल्याशिवाय पेपर आत जात नाही.

आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले तर 'पाचच मिनिटं' म्हणू नका. 'तासभर लागेल, खाली चहा घेऊन या, नंबर जवळ आला की फोन करते' म्हटलं की लोक ऐकतात. काय त्रास होतोय हे चारचौघांत मोठ्याने विचारायचं नाही, तेवढं जपाच.

नेरूळ_टीपीए: वरच्या ताईंशी सहमत. पुढे हॉस्पिटलला जायचं असेल तर कॅशलेसचं, म्हणजे बिलाचे पैसे विमा कंपनीकडून थेट हॉस्पिटलला मिळवायचं काम शिका, त्याला मागणी आहे. इर्डाच्या (विमा नियामकाच्या) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीने प्री-ऑथवर (उपचाराआधीच्या मंजुरीवर) एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. पण आपल्याकडून एक कागद राहिला की कंपनीची क्वेरी (विचारणा) येते आणि नातेवाईक बिलिंगसमोर ताटकळतात. म्हणून पॉलिसीवरचं आणि आधारवरचं नाव अ‍ॅडमिशनलाच जुळवून घ्यायचं.

सोनोग्राफीवाली: सोनोग्राफी सेंटरला गेलात तर गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म लागतो. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचं काम आहे, रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

कळवेकर_आई: खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, सोमवारी सकाळी साडेनऊला बोलावलंय. एक्सेल अजिबात येत नाही, तोवर काय बघून ठेवू?

काउंटरवरून_ठाणे: एक्सेल राहू द्या. मराठी टायपिंगचा हात बसवा, आणि यूपीआयचे पैसे खरंच जमा झालेत का हे दवाखान्याच्या फोनवर कसं बघायचं ते घरी कुणाकडून तरी समजून घ्या. पेशंटच्या स्क्रीनवरची हिरवी खूण बघून पावती फाडायची नाही.