मदत हवी आहे: लोअर आर्ममध्ये नवा बुश बसतच नाहीये

मंडळी, माझ्या १९६४ सालच्या गाडीच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे बुश बदलायला घेतलेत आणि दोन दिवस पहिल्याच बुशवर अडलोय. सांध्यात धक्के सोसणारे, बाहेरून लोखंडी कवच असलेले रबरी बुश आहेत. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि मोठा सॉकेट लावून बुश आर्मच्या भोकात ओढून पाहिला. तीन-चार मिलिमीटर सरकतो, मग तिरका होतो आणि कवचाची कड दुमडते. एक नवाकोरा बुश असाच वाया गेला, फार जीवाला लागलं.

दुसरा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, भोक एमरी पेपरने घासलं, तरी तेच. आज टॉर्च मारून नीट पाहिलं तर भोकाच्या कडेला आतून एक बारीक गोल रेघ दिसतेय. जुन्या बुशचं कवच आतच राहिलंय का? तसं असेल तर आर्मला चरा न पाडता ते काढायचं कसं? हॅकसॉचं पातं आत घालून कापावं म्हणतोय, पण हात धजत नाही.

बसवताना साबणाचं पाणी चालेल ना? साध्या ग्रीसने रबर फुगतं म्हणून ते टाळलंय. आर्मचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळणार आहे. हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा, की आर्म सरळ हायड्रॉलिक प्रेसवर न्यावा?