शब्दचर्चा : निर्वासित, स्थलांतरित की परागंदा?

प्रश्न : १९३८च्या अखेरीस जर्मनीहून एकटाच इंग्लंडला गेलेल्या पंधरा वर्षांच्या ज्यू मुलाला मी लेखात ‘स्थलांतरित’ म्हटले होते; संपादकांनी तेथे ‘निर्वासित’ केले. त्याच्याजवळ प्रवेशाचा रीतसर परवाना होता, मग हा शब्द कसा? ‘शरणार्थी’ किंवा ‘परागंदा’ चालणार नाही का?

उत्तर : ‘निर्वासित’ म्हणजे राहत्या जागेतून घालवून दिलेला, परवाना होता की नव्हता, हे त्या शब्दाला विचारायचे नसते. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातील शेकडो सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) जाळली गेली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. त्यानंतर ब्रिटनने सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांविना येऊ देण्याचे मान्य केले. ‘किंडरट्रान्सपोर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेची पहिली तुकडी २ डिसेंबरला हारिच बंदरात उतरली आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले आली. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, स्वतःला उचलवेल एवढीच पेटी आणि खिशात दहा मार्क घेऊन निघालेल्या मुलाचा प्रवास कायदेशीर असला, तरी राजीखुशीचा नव्हता. ‘स्थलांतरित’मध्ये ही सक्ती दिसत नाही. शिवाय पुढे ज्यूंची छावण्यांकडे रवानगी करताना नाझी कारभाराने कागदोपत्री असेच निरुपद्रवी शब्द वापरले होते, म्हणून या संदर्भात तो शब्द मला विशेष खटकतो.

‘शरणार्थी’ चूक नाही; मात्र त्यात आसरा मागणाऱ्याची स्वतःची याचना अभिप्रेत आहे, आणि येथे मुलांच्या वतीने पालक आणि मदतसंस्था धडपडत होत्या. फारसीतून आलेल्या ‘परागंदा’चा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असला, तरी आज मराठीत परागंदा होतो तो सहसा आरोपी. तो शब्द सोडावा.

प्रश्नकर्त्याने लेखातील तारखांकडे मात्र पुन्हा पाहावे. १९४०च्या उन्हाळ्यात असा मुलगा सोळा वर्षे ओलांडून गेलेला असणार, आणि त्या वयाच्या अनेक मुलांना ब्रिटिशांनी ‘शत्रुदेशीय’ ठरवून आइल ऑफ मॅन बेटासारख्या ठिकाणी स्थानबद्ध केले, काहींना तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाला धाडले. तेवढ्या काळापुरते ‘स्थानबद्ध निर्वासित’ म्हणणे भाग आहे. नाझी सरकारच्या नोव्हेंबर १९४१च्या फर्मानाने परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्वही गेले; तेथून पुढच्या मजकुरात त्याला ‘जर्मन’ म्हणू नये, ‘राष्ट्रहीन’ म्हणावे.