‘खिशातलं नाशिक’ फेरीचं आज रात्रीपर्यंत ठरवा

प्रेषक: पंचवटीकर

मंडळी,
उद्या सकाळी मेळाव्यातल्या प्रश्नमंजुषेची प्रश्नपत्रिका मेनरोडला छापायला टाकायची आहे आणि गाडी अडलीय शेवटच्या फेरीवर. देवळालीताईंनी फोनवर नोटांचा आक्षेप काढला. मला तो पटलेला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर मांडतो.

फेरी साधी आहे. तुमच्या खिशात, पर्समध्ये नाशिकला छापलेली वस्तू असेल तर ती वर करून दाखवायची. पहिला हात, पहिला गुण. इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला 1925 साली सुरू झाला आणि नोटांचा छापखाना 1928 साली. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. आज भारतीय पासपोर्टाची कोरी पुस्तिका नाशिकरोडलाच छापतात. आपण सगळे गाव सोडून गेलो, पण गाव खिशातून गेलं नाही. डिसेंबरच्या मेळाव्यात हे सांगायचं नाही तर कुठे?

कोट्यांच्या फेरीला हात लावलेला नाही. ‘नावातच ना-शिक, तरी दोन विद्यापीठं कुठे?’ हा प्रश्न पहिलाच आहे. (मुक्त विद्यापीठ 1989, आरोग्य विज्ञान 1998. सालं विचारली तर जादा गुण.)

प्रेषक: देवळाली कॅम्प

दादा, आक्षेप नोटांवर नाही, निकालावर आहे. नोटा नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी अशा चार ठिकाणी छापतात आणि नोटेवर ठिकाण लिहिलेलं नसतं. नाण्याचं बरं असतं. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. पण नाशिकला टांकसाळ नाही, म्हणजे नाणी बाद. मग शंभराची नोट वर करणाऱ्याला तुम्ही कोणत्या पुराव्यावर गुण देणार? मिसळीच्या स्पर्धेत पुराव्यावाचून निकाल लावला होता, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, पासपोर्ट. आपल्यातल्या निम्म्यांचे आता परदेशचे आहेत आणि पोरांचे तर सगळ्यांचेच. पाहुण्यासारखं बसून टाळ्या वाजवायला ती नाशिकला येतायत का?

आणि माझा प्रश्न का गाळला ते सांगा. देवळालीत इंग्रजांनी 1861 साली छावणी उभारली. मुदत संपलेले गोरे शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत तिथे पडून असायचे. जहाजं नोव्हेंबर ते मार्च एवढीच, त्यामुळे ज्यांचं चुकलं ते पुढचा उन्हाळा-पावसाळा रिकाम्या हाताने काढायचे. कित्येकांची डोकी फिरली. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ आलं. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! विलायतेत आमची पोरं हा शब्द शाळेत ऐकतात आणि त्यात आजोळ लपलंय हे त्यांना ठाऊक नसतं. हा प्रश्न त्यांच्यासाठीच होता.

प्रेषक: खजिनदार

पुराव्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पुरावा हवा तर पांडवलेण्यांतला घ्या, दगडात कोरलेला आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता गणित बघा. 2000 चं वर्षाचं व्याज 240. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणारे भिक्षू 20, चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकाला 12. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही! त्याच लेखात 35 कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भावही दिलाय.

मंडळाच्या ठेवीची घटना लिहिताना मी हेच सांगत होतो. कोटी पाहिजे तर ‘लेण्यांतली देणी’ असं फेरीचं नाव ठेवा. मात्र हिशेबाचे प्रश्न मीच विचारणार, सूत्रसंचालकांनी त्यात पडू नये.

प्रेषक: गंगापूर रोड

काका, प्रश्न छान आहे, पण बारा वर्षांच्या पोराला कार्षापण म्हणजे काय ते कोण सांगणार? दुतोंड्या मारुतीचा प्रश्न राहू द्या. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावरून गाव पूर मोजतं, हे पोरांना चित्रावरूनसुद्धा कळेल. रहाडीचाही राहू द्या. पेशवाईतले हौद वर्षभर बुजवून ठेवायचे, रंगपंचमीला उघडायचे आणि वरून धप्पा मारायचा. माझ्या भाच्याने तिवंध्याच्या रहाडीत उडी घेतली, तर आठवडा झाला तरी कानामागचा रंग निघत नव्हता. शाळेतल्या बाईंनी विचारलंच.

प्रेषक: सिडको

मूळ अडचणीवर बोलू का? आमचे आजोबा प्रेसमध्ये होते. पाळी सुटली की झडती देऊनच बाहेर पडायचं, मग साहेब असो की शिपाई. त्यांनी जमवलेला तिकिटांचा अल्बम नाशिकरोडच्या घरी आहे. त्यातून फेरी करू.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं, साडेतीन आण्यांचं. त्यावर फडकता तिरंगा आणि ‘जय हिंद’. ते नाशिकला छापलेलं. पुढच्याच वर्षी 15 ऑगस्टला गांधीजींची चार तिकिटं निघाली, ‘बापू’ लिहिलेली, दीड आण्यापासून दहा रुपयांपर्यंतची. ती छापली स्वित्झर्लंडला! आयुष्यभर स्वदेशी सांगणाऱ्या माणसाचं तिकीट परदेशी आणि झेंड्याचं नाशिकचं. दोन्ही समोर ठेवायची आणि नाशिकचं कोणतं ते विचारायचं. पासपोर्ट कुठलाही असो, डोळे असले की झालं, आणि निकालाला पुरावा पक्का.

जोडीला एक तोंडी प्रश्न. फाळणीनंतर पाकिस्तानसाठी पहिल्या नोटा कुठे छापल्या? रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असं जादा छापून त्या एप्रिल 1948 पासून चालवल्या, आणि त्या छापल्या नाशिकला.

प्रेषक: देवळाली कॅम्प

हे मला मान्य. अल्बम प्लॅस्टिकच्या पाकिटातच ठेव, पोरांच्या हाताला चिवड्याचं तेल असतं.

प्रेषक: पंचवटीकर

चालेल, पण फेरीचं नाव ‘खिशातलं नाशिक’ हेच राहील. पाकिटं माझ्याकडे आहेत, ती खिशातून काढून वाटू. खजिनदार काका, तुमचा लेण्यांचा प्रश्न मोठ्यांच्या फेरीत घातलाय, तुम्हीच विचारा. ताई, देवळालीचा प्रश्न पोरांच्या फेरीत पहिला. सिडको, दोन्ही तिकिटांचे फोटो रात्री दहाच्या आत पाठव, छापखाना सकाळी नऊला उघडतो.

प्रेषक: खजिनदार

मोठ्यांच्या फेरीत चालेल. फळा आणि खडू लागेल, व्याज तोंडी सांगून समजत नाही. हॉलवर फळा आहे का, कोणी विचारलंय?